तोटी बंद आहे

१

पाऊस नसेल तेव्हा दर रविवारी सकाळी आम्ही दोघं लाँचवर जायचो. अकरा वर्षं गेलो. लाँच म्हणायला लाँच. पाच माणसं बसली की सहाव्यानं पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न. माझे यजमान पाणीपुरवठ्याच्या खात्यात फिटर होते. कुणीतरी टाकून दिलेली ही लाकडी लाँच ह्यांनी शेडमध्ये ओढून आणली, तिच्या पोटातलं जुनं पेट्रोल इंजिन सुटं केलं, आणि पुढची दोन वर्षं आमच्या जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीशेजारी कायम एखादा बोल्ट असायचा.

परत आल्यावर इंजिन किल्लीनं बंद करायचं नाही, ही ह्यांची पद्धत. मागच्या बाकाखाली, टाकीकडून येणाऱ्या नळीवर, पितळेची एक तोटी होती. मागच्या बाकावर मी बसायचे, म्हणून ती माझ्याकडे. धक्का दिसला की मी वाकून तोटी बंद करायचे. मग नळीत आणि कार्बुरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर इंजिन शेडपर्यंत पोचायचं, दोनदा खोकायचं आणि आपसूक थांबायचं. वाटी कोरडी, नळी कोरडी, आठवडाभर घोर नाही. तरीही हे उतरता उतरता विचारायचे, “तोटी?”

मी म्हणायचे, “हो.”

आठ महिन्यांपूर्वी एका सोमवारी सकाळी हे एकटेच शेडमध्ये गेले. कार्बुरेटर रात्रभर वाहिला होता. लाँचच्या तळाशी पेट्रोल साचलं होतं आणि शेडची दारं रात्रभर लावलेली. इंजिनाच्या पेटीचं झाकण उचलून हे खाली वाकले, ते वर आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, वाफेनं शुद्ध गेली असणार, कळलंही नसेल. लोक म्हणाले, एवढा जाणता माणूस आणि तोटी उघडी ठेवून गेला.

मी मान हलवली.

२

महिनाअखेर शेड रिकामी करून द्यायची होती. पलीकडच्या काठावरच्या एका क्लबनं लाँच ठेवून घ्यायचं कबूल केलं, पण ती तिथवर आपल्या पायांनी यायला हवी, असं त्यांचं म्हणणं.

“मी नेते,” आमची मुलगी म्हणाली. ती सत्तावीस वर्षांची आहे, एका प्रयोगशाळेत रक्त तपासते, माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, आणि तिला सगळे अजून बारकीच म्हणतात. “एकदा ती वस्तू डोळ्यांसमोरून जाऊ दे.”

तिनं मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री ह्यांचे दोस्त. सत्तरी ओलांडलेले, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, पण कार्बुरेटर उघडायचा म्हटलं की नवरदेवासारखे ताठ बसायचे. त्यांनी टाकीत थोडं पेट्रोल घातलं, तोटी उघडली, आणि मिनिटाभरात कार्बुरेटरच्या कडेनं धार लागली.

“ओव्हर होतोय,” ते म्हणाले. “म्हातारी आहे हो वहिनी. या वयात गळायचंच.”

“काका, स्वतःबद्दल बोलताय का?”

“मी गळत नाही बारके. मी झिरपतो.”

मग त्यांनी दुपारभर सगळं रीतसर केलं. वाटी उतरवली. आतला फ्लोट, म्हणजे पितळेचा पोकळ गोळा, कानाशी धरून हलवला. त्यात पेट्रोल शिरलं असतं तर तो जड होऊन बुडला असता. आवाज आला नाही. गरम पाण्यात बुडवून पाहिला, एक बुडबुडा नाही. फ्लोट वर आला की जी सुई वर सरकून पेट्रोल अडवते, तिच्या टोकाला झिजून कडं पडलं होतं. ती बदलली. तिची बैठक फुंकून साफ केली. फ्लोटची उंची पट्टीनं मोजली, पुन्हा मोजली. सगळं जोडून तोटी उघडली. वाटी भरली आणि थांबली. दहा मिनिटं आम्ही तिघं एका पितळी भांड्याकडे टक लावून बसलो होतो. थेंब नाही.

“झालं. उद्या परवा सुरू करू,” मिस्त्री हात पुसत म्हणाले. “वहिनी, तोटी बंद करा तेवढी.”

मी वाकून बंद केली. मूठ नळीला आडवी म्हणजे बंद, नळीच्या रेषेत म्हणजे उघडी. मूठ आडवी होती. मी पाहिली.

“केली?”

“हो,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, माझी शाळा सुटल्यावर मी झाकायचं कापड घेऊन गेले. वास रस्त्यावरच आला. लाँचच्या तळाशी दोन बोटं पेट्रोल होतं. बाकाखाली मूठ नळीच्या रेषेत सरळ होती.

३

जुन्या तोट्या सैल होतात. धक्क्याला लाटा लागतात, लाँच हलते, हललं की मूठ फिरते. हे सगळं मी स्वतःला व्यवस्थित समजावून सांगितलं. तीस वर्षं मुलांना समजावते आहे, मला जमतं. मिस्त्रींनी फोनवर एवढंच विचारलं, “पूर्ण फिरवली होतीत ना?” मी हो म्हणाले, आणि म्हणता म्हणता मला माझ्याच आवाजाची शंका आली.

ते हो मी आधीही एकदा म्हणाले होते.

त्या शेवटच्या रविवारी धक्का दिसायच्या आधीच आमचं वाजलं होतं. कारण सांगण्यासारखंही नाही. मी एका नातेवाइकाकडे जायचं कबूल केलं होतं, ह्यांना न विचारता. हे काहीतरी मनाला लागेल असं बोलले. मी तोंड फिरवून बसले. धक्का आला, मी वाकले नाही. शेडमध्ये शिरल्यावरही इंजिन थांबेना, तेव्हा ह्यांनी किल्ली फिरवली. ते खोकलं नाही, एकदम गप्प झालं. मी तोवर उतरून चालू लागले होते.

मागून आवाज आला, “तोटी?”

मी वळूनही न बघता म्हणाले, “हो.”

न खोकता थांबलेलं इंजिन सांगत होतं की वाटी भरलेली आहे. ह्यांच्या कानाला ते कळलं नसेल असं होणारच नाही. ह्यांनी इंजिनापेक्षा माझं खरं मानलं.

हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. बारकीला तर नाहीच.

मंगळवारी मिस्त्रींनी तळ पुसून कोरडा केला, टाकीत पुन्हा थोडं पेट्रोल घातलं. संध्याकाळी उजेड असतानाच मी तोटी आडवी केली आणि शिवणाच्या डब्यातल्या पांढऱ्या दोऱ्यानं मूठ नळीशी बांधली. सात वेढे, आणि मी नेहमी मारते तशी गाठीवर गाठ.

बुधवारी गाठ तशीच होती. वेढे सात. दोरा तुटलेला नव्हता, सैलही नव्हता. तो नळीभोवती आणि मुठीभोवती घट्ट बसला होता, आणि मूठ सरळ होती. तळाशी पेट्रोल होतं, आधीपेक्षा जास्त.

मी कात्रीनं दोरा कापला, खिशात घातला, आणि घरी येऊन वह्या तपासल्या. अडतीस वह्या. एकाही वहीत काय लिहिलं होतं ते आठवत नाही.

४

“टाकीच काढतो,” गुरुवारी मिस्त्री म्हणाले. “न रहेगा काय ते.”

त्यांनी टाकी सोडवली, उचलून शेडबाहेर भिंतीला टेकवून ठेवली, उलटी. नळीचं टोक मोकळं लोंबत राहिलं. वाटी उतरवून फडक्यानं पुसली, पुन्हा लावली. तळ दोनदा पुसला. बॅटरी उतरली होती म्हणून पेटीतला वाफ काढणारा पंखा चालत नव्हता, तर शेडची दोन्ही दारं उघडी टाकून त्यांनी पुठ्ठ्यानं वारा घातला.

“आता म्हातारी पेट्रोल आणणार कुठून? माहेरून?”

मी हसले. तेही हसले. मग आम्ही चहा घ्यायला टपरीवर गेलो. वीस मिनिटं लागली असतील. परत आलो तेव्हा मिस्त्री सवयीनं आधी खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले.

“मिस्त्री?”

त्यांनी बोटानं कार्बुरेटरची कड दाखवली. वाटी काठोकाठ भरली होती. कडेवरून एक थेंब सुटायच्या बेतात होता. सुटला. खाली लाकडावर पडला तेव्हा झालेला आवाज मला आजही ऐकू येतो, कारण त्यानंतर शेडमध्ये कुठलाच आवाज नव्हता. पाण्याचासुद्धा.

मिस्त्रींनी हत्यारं एकेक करून पिशवीत भरली. घाई केली नाही. जाताना मागच्या बाकाखाली टॉर्च मारून थोडा वेळ बघत राहिले.

“वहिनी, ही मूठ बघितलीत?”

मूठ सरळ होती, उघडी. पण ते मुठीखालच्या दांड्याकडे दाखवत होते. बोटाएवढा जाड पितळी दांडा, आणि त्याला पीळ पडला होता. ओला टॉवेल पिळावा तसा.

“कुणीतरी फार जोर लावलाय,” मिस्त्री म्हणाले. “असं हातानं होत नाही.”

“उघडायला?”

त्यांनी दोन बोटं हवेत फिरवून पाहिली. एकदा, पुन्हा एकदा.

“नाही. बंद करायला.”

ते पुन्हा आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, गुडघे धरलेत.

५

शनिवारी बारकी ह्यांचं कपाट आवरत होती. आठ महिन्यांत पहिल्यांदा. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते, आणि ती शर्ट घड्या न घालता पिशवीत कोंबते आहे हे मला आवाजावरून कळत होतं.

“काका येणार नाहीत म्हणे,” ती दारात येऊन म्हणाली. “घाबरले. टाकी नाही तरी पेट्रोल येतं म्हणतात. तूपण तेच म्हणणार का?”

“मी पाहिलं.”

“आई, नळी लांब आहे. तिच्यात पेट्रोल अडकून राहतं, उतरतं हळूहळू. उद्या मी स्वतः बघते.”

“नको.”

“का नको?”

मला उत्तर होतं. ते मी चिरलेल्या भाजीबरोबर पातेल्यात ढकललं.

ती खुर्ची ओढून बसली. “तुला सांगू? मला बाबा गेल्याचं रडू येत नाही. राग येतो. दुसऱ्यांच्या नळांचे वॉशर तपासत आयुष्य गेलं, आणि स्वतःची एक तोटी बंद करता आली नाही. मी कुणाला सांगतही नाही कसे गेले ते. लाज वाटते. आपल्या बापाची लाज वाटते मला, आई.”

“असं बोलू नये.”

“मग सांग ना. तोटी बंद करायचं काम त्यांचंच होतं ना?”

गॅसवर पातेलं होतं. मी झाकण ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं.

“हो,” मी म्हणाले. “त्यांचंच.”

मग नाक आक्रसून माझा उजवा हात उचलून तिनं वास घेतला.

“आई, हात धू. पेट्रोलचा वास येतोय तुझ्या हाताला.”

मी दोन दिवस शेडमध्ये गेले नव्हते. हात सोमवारपासून तसाच होता. साबण, लिंबू, राख, सगळं झालं होतं.

६

रविवारी सकाळी दहाला ऊन लख्ख होतं. धक्क्यावर शेजारच्या होडीवाल्यानं जाळी वाळत घातली होती, तो स्वतः कुठे दिसत नव्हता. बारकीनं शेडची दोन्ही दारं सताड उघडली, विटा लावून अडवली. टाकी बाहेर होती तशीच उलटी. आत आम्ही दोघी.

“तू तिथे बस,” तिनं मागचा बाक दाखवला. “मी वाटी पुसून समोर टॉर्च धरते. कुठून येतं ते बघूच.”

“वास आला की लगेच उठायचं.”

“मी प्रयोगशाळेत काम करते, आई. मला वाफांची अक्कल शिकवू नकोस.”

तिनं पेटीचं झाकण उचललं, गुडघ्यांवर बसून डोकं आत घातलं. मला तिची पाठ दिसत होती, निळा शर्ट, आणि केस वर बांधलेली मान. ह्यांची मानही अशीच, मागून पाहिली तर खांद्यात खोल रुतलेली.

“कोरडी आहे,” आतून तिचा आवाज आला. “ठणठणीत. आई, तोटी बंद आहे ना?”

“हो,” मी म्हणाले.

मी पाहिलं नव्हतं. ते हो बाहेर पडलं तेव्हा मी तिच्या मानेकडे बघत होते.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग ती म्हणाली, “अगंबाई.”

“काय झालं?”

“भरतंय.” तिच्या आवाजात भीती नव्हती, कुतूहल होतं. “सुईकडून नाही येत. खालून वर येतंय. विहिरीला पाझर फुटावा तसं. थांब, बघू दे.”

“बारके, बाहेर ये.”

“थांब ना. किती गार आहे.” मग जरा अडखळत, “आई, इथे फार… शांत आहे.”

“बारके.”

टॉर्च तिच्या हातातून सुटून आत कुठेतरी पडला. निळ्या शर्टाची पाठ वरखाली होत होती, मग कमी होत गेली.

मी तिला कसं ओढलं ते मला नीट सांगता येणार नाही. ती माझ्यापेक्षा जड आहे. काखेत हात घालून मी तिला पेटीच्या कडेवरून, लाँचच्या काठावरून ओढत दाराबाहेर उन्हात आणलं. तिचा चेहरा राखेसारखा होता. मी तिच्या गालांवर मारलं, पालथी केली, पाठ चोळली. ती खोकली. पुन्हा खोकली, ओकली, आणि मोठा श्वास घेतला. मी तिथेच फळ्यांवर बसले. मला फक्त एवढंच कळत होतं की ती श्वास घेते आहे.

डोळे न उघडताच ती काहीतरी पुटपुटली. मी कान जवळ नेला.

“तोटी,” ती म्हणाली. “आई, बंद केलीस ना?”

हो माझ्या जिभेवर आलं होतं. ते तिथेच राहिलं. अकरा वर्षांत, आणि नंतरच्या आठ महिन्यांत, पहिल्यांदाच मी विचारल्यावर उत्तर देण्याआधी बघायला गेले.

तोंडाला पदर लावून आत शिरले. उन्हातून आल्यामुळे शेड काळीकुट्ट वाटत होती. मागच्या बाकाशी गुडघे टेकले आणि हात खाली घातला. लाकडाची कड, मग नळी, नळी ओली होती. मग मूठ शोधायला बोटं पुढे सरकवली.

मुठीवर हात होता.

मी ओरडले नाही. माझी बोटं त्या बोटांवर टेकली आणि तिथेच थांबली. तो हात थंड होता, आणि ओला, आणि त्याचा सगळा जोर मुठीवर होता. सांध्यांची हाडं माझ्या तळव्याला लागत होती, इतका. अंगठ्याच्या नखावर उभी चीर होती, पाईपच्या पान्यानं कधीतरी पडलेली. मी वाकून पाहिलं. बाकाखालच्या अंधारात मनगटापर्यंत दिसलं, त्यापुढे खाकी बाहीची गुंडाळी, आणि त्यापुढे मी पाहिलं नाही. तो हात मूठ आडवी करायचा प्रयत्न करत होता. मूठ हलत नव्हती. पितळ करकरत होतं.

“आई?” बाहेरून बारकीचा आवाज आला. आता जरा स्पष्ट. “आहे का बंद?”

मी तोंड उघडलं. माझ्या हाताखाली तो हात उलटा झाला आणि त्यानं माझी बोटं धरली.

“नाही,” मी म्हणाले. मग मोठ्यानं, तिला ऐकू जाईल असं, “बारके, मी बंद केली नव्हती. त्या रविवारी. काम माझं होतं. बाबांनी विचारलं आणि मी न बघताच हो म्हणाले. रागावले होते म्हणून.”

बाहेर फळ्यांवर ती उठून बसल्याचा आवाज आला, एक पाऊल टाकल्याचा, थांबल्याचा. दाराच्या उजेडात तिची सावली आली नाही. मी वाट पाहिली. नंतर पावलं पुन्हा सुरू झाली, धक्क्यावरून रस्त्याच्या दिशेनं, अडखळत, आणि लांब लांब होत गेली.

थेंब पडायचे थांबले होते. बाकाखाली शांत होतं.

मी हात मागे घ्यायचा प्रयत्न केला. पकड तशीच होती.